चित्राबाहेर राहिलेला मुलूख

मंडळी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये निसर्ग पाहायला निघालेला हौशी माणूस खिशात एक काळसर, किंचित फुगीर आरसा ठेवायचा. देखाव्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि आरशात तो देखावा बघायचा. रंग मवाळ होत, सगळं चित्रासारखं दिसे. हिंदुस्थानात आलेल्या चित्रकारांच्या हातात तो आरसा असो वा नसो, नजर तीच होती.

विल्यम हॉजेसचंच बघा. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर जाऊन आलेला हा चित्रकार १७८० मध्ये इकडे आला आणि कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या आश्रयाने गंगेकाठी फिरला. त्याच्या चित्रांत किल्ले, थडगी, मशिदी, घाट भेटतात. पुढे गडद झाड, मध्ये पडकी वास्तू, मागे धूसर क्षितिज. कडेला नखाएवढी एक-दोन माणसं, इमारत केवढी मोठी ते कळावं म्हणून. आणि मुलूख कुठला? दहा-अकरा वर्षांपूर्वीच्या दुष्काळात जिथली तिसऱ्या हिश्श्याइतकी माणसं गेली असा अंदाज नेहमी दिला जातो, तो बंगाल-बिहार. कंपनीची सारावसुली तेव्हाही चालूच होती. चित्रांत पडझड आहे, पण ती जुन्या राजवटींची. काळानेच सगळं ओसाड केलं असावं, असं बघणाऱ्याला वाटत राहतं. मला हे फार लागतं.

थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ मध्ये कलकत्त्याला आले. कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे भिंगातून आत आलेली प्रतिमा कागदावर गिरवायची पेटी, त्यांच्या सामानात होती. परतल्यावर १७९५ ते १८०८ या काळात त्यांनी १४४ चित्रं छापली. वास्तूंचे तपशील थक्क करणारे आहेत, हे मोकळेपणाने मान्य करू या. पण पेटी कुठे मांडायची, हे माणूसच ठरवतो ना?

आता पुण्याकडे या. पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील, म्हणजे रेसिडेंट, चार्ल्स मॅलेट याच्या पदरी गंगाराम तांबट नावाचे चित्रकार होते. त्यांनी पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, पर्वती काढली, वेरूळची लेणी काढली. त्या गेंड्यापाशी मी नेहमी रेंगाळतो. कातडीची घडी न् घडी त्यांनी नीट बघितली आहे. समोरचा जीव हाच तिथे चित्राचा विषय आहे, आकारमान दाखवायची खूण नव्हे.

पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकारही वेरूळला गेला. १७९५ मध्ये तो वारला. त्याची वेरूळची चित्रं थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये लंडनला छापून काढली. त्या ग्रंथाच्या शीर्षकपानावर वेल्सचं नाव आहे, डॅनियलचं आहे. वेल्सच्या आधी वेरूळ कागदावर आणणाऱ्या गंगारामांचं नाव तिथे नाही.