ड्रायव्हर माफ करतो, पण नक्की काय?

सकाळचे साडेसहा. पुण्यातली एक ड्रायव्हिंग रेंज, बादलीत पन्नास बॉल आणि मॅटवर आपला हा भाऊ, गोल्फ सुरू करून याला जेमतेम तीन आठवडे झालेत. हातात सेकंडहँड घेतलेला ड्रायव्हर, म्हणजे लांबचा फटका मारायची गोल्फची काठी, तिचा पुढचा पत्रा जेमतेम नऊ डिग्री मागे झुकलेला, शाफ्ट म्हणजे दांडा स्टिफ, कडक, कारण टीव्हीवरचे लोक असलंच काहीतरी वापरतात म्हणे. आता बघा हं... बॉल निघतो तर झोकात, आणि मधेच उजवीकडे वळून थेट जाळीत. नाचता येईना अंगण वाकडं असं आपण म्हणणार, पण थांबा, इथे अंगणही जरा वाकडंच आहे.

एक गंमत करू. बॉलवर व्हाइटबोर्ड मार्करने जाडसर ठिपका काढायचा, ठिपका क्लबकडे ठेवून मारायचं, की फेसवर, म्हणजे बॉलला लागणाऱ्या सपाट बाजूवर, ठसा उमटतो. भावाने पाच बॉल मारले. ठसे बघा, दोन टोवर म्हणजे पार टोकाला, दोन हीलकडे म्हणजे दांड्याच्या बाजूला, एक थेट वरच्या कडेला, मधोमध एकही नाही. लाजायचं काही नाही, सुरुवातीला सगळ्यांचं हेच.

टेनिस बॉल क्रिकेट खेळलेल्यांना माहितीये, बॅटच्या टोकाला बॉल लागला की बॅट हातात फिरते, झिणझिण्या येतात आणि शॉट मरतो. ड्रायव्हरचंही तेच, आणि फॉरगिव्हिंग, म्हणजे चूक माफ करणारा ड्रायव्हर, तो ज्याचं हेड, म्हणजे पुढचा ठोकळा, असं कमी फिरतं. कसं? दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर आठवा, हातात आडवा लांब बांबू असतो ना, वजन दोन्ही बाजूंना लांब गेल्यामुळे ती पटकन कलंडत नाही. इथेही हेडचं वजन कडेला आणि मागे ढकललेलं असतं, म्हणून ही हेडं मागून एवढी पसरट दिसतात, माझा एक मित्र त्याला पोळपाट म्हणतो. या गुणाला एमओआय (मोमेंट ऑफ इनर्शिया) म्हणतात, आणि नियमात त्यालाही मर्यादा आहे, जशी हेडच्या आकाराला 460 सीसीची आहे. 1991 मध्ये कॅलवेची बिग बर्था आली तेव्हा तिचं हेड 190 सीसीचं होतं आणि तेव्हा तेच अगडबंब वाटायचं, नाव तर चक्क जर्मन तोफेचं!

पण माफी मिळते ती बॉल फेसवर कुठे लागला याची. फेसच उघडा, म्हणजे उजवीकडे तोंड करून, ठेवून मारलात तर एमओआय कितीही असो, बॉल उजवीकडे पळणारच. त्यावर थोडाफार उतारा म्हणजे लॉफ्ट, फेस मागे झुकलेला असतो तो कोन. साडेदहा डिग्री घ्या, नाहीतर सरळ बारा, बॅकस्पिन म्हणजे बॉलची उलटी गिरकी वाढली की बाजूला वळणं त्यामानाने कमी होतं, शिवाय बॉल हवेत तरी जातो. हीलकडे वजन दिलेले ड्रॉ बायसवाले, म्हणजे बॉलला डावीकडे वळवायला मदत करणारे, मॉडेल पण मिळतात. शाफ्ट रेग्युलर, म्हणजे स्टिफपेक्षा लवचीक, आणि ग्रिप इंचभर खाली धरा, साडेपंचेचाळीस इंचाची काठी आवरणं सोपं नाही हो. दोन-तीन वर्षं जुनं मॉडेल घेतलंत तरी काही बिघडत नाही, माझं तरी हेच मत.

आता भावाच्या हातात कुणाचातरी मागून आणलेला बारा डिग्रीचा. ठसा अजूनही टोकाकडेच, बॉल मात्र दीडशे यार्डाच्या पाटीच्या पुढे, थोडासाच उजवीकडे. शेजारच्या मॅटवरचे काका लगेच विचारतात, "अरे, तो नऊ डिग्रीवाला विकणार का रे?"