थर्मामीटर आहे, मग मल्टिमीटर का नाही?

(घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवातलं व्याख्यान, थोडी काटछाट करून.)

मंडळी, सेक्रेटरींनी मला 25 मिनिटं दिली आहेत आणि आरती साडेआठला आहे. फळ्यावर विषय लिहिलाय, ‘बाईकचे दिवे काय सांगतात’. तिकडे येतोच. आधी सांगा, घरात थर्मामीटर कोणाकोणाकडे आहे? बघा, सगळे हात वर. आणि मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज-करंट मोजायचा मीटर? दोन. त्यातला एक हात आमच्या हिचा. माझा मीटर सतत तिच्या मिसळणाच्या डब्यामागे सापडतो म्हणून.

पोर कण्हलं की आपण आधी ताप बघतो. बाईकवर पिवळा दिवा लागला की मात्र थेट ऑपरेशनची तारीख घेतो.

माझंच सांगतो. मे महिन्यात आम्ही 21 दिवस संगमेश्वरला होतो. परत आलो, खाली पार्किंगमध्ये बाईकची चावी फिरवली. मीटरचा काटा अर्धा उठला, पडला. स्टार्टर दाबला तर आतून नुसतं टकटकटक. वॉचमन धावत आला, “काका, धक्का मारू?” मग सल्लागार जमले. एक आजोबा म्हणाले, थोडी तिरकी करून बघ. अहो, तिरकी करायची ती जुनी चेतक स्कूटर! तिचा जीव मॅग्नेटोत होता, म्हणजे ठिणगीपुरती वीज ती स्वतःच बनवायची, बॅटरीशी तिचं काही अडत नसे. एप्रिल 2020 पासून बीएस सिक्स, म्हणजे धुराचे कडक नियम आले, बहुतेक नव्या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. त्यातला पेट्रोलचा पंप आणि इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जागा व्हायलाच करंट लागतो. बॅटरी पार मेली असेल तर गायमुखपर्यंत ढकला, फक्त घाम निघेल. आम्ही गेटपर्यंत ढकलली, हे कबूल करतो.

शेवटी बी विंगमधल्या मुलाने त्याच्या कारच्या बॅटरीला वायरी जोडून जंप दिला. कारचं इंजिन बंद ठेवून, बरं का. पोरगं हुशार आहे. गाडी सुरू झाली, टाळ्या पडल्या. आणि बघतो तर एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा दिवा चालू, इंजिनचा पिवळा दिवा चालू, घड्याळात एक वाजलेला.

एका वर्कशॉपमध्ये नेली. नाव घेत नाही. त्या गृहस्थाने दिवा बघितला, मान हलवली, “एबीएस युनिट गेलंय साहेब,” आणि 22 हजारांचा कागद हातात दिला. मीटर लावला नाही! सीटसुद्धा उघडली नाही! मी 31 वर्षं कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढली. न मोजता निदान करणाऱ्याला आम्ही चहासुद्धा पाजत नसू.

घरी येऊन सीट उघडली. प्लसच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी, स्क्रू बोटाने फिरतोय. मीटर लावला, 11.7 व्होल्ट. भरलेली बॅटरी 12.6 च्या वर हवी. आता एबीएसचा जो छोटा कॉम्प्युटर असतो, त्याला व्होल्टेज कमी पडलं की तो स्वतःला बंद करून घेतो आणि दिवा लावतो. साधे ब्रेक लागतात, एबीएस तेवढं नसतं. म्हणजे तो बिचारा ‘मी उपाशी आहे’ म्हणत होता आणि आपण त्याचं श्राद्ध घालायला निघालो. शिवाय धडधाकट गाडीतही चावी फिरवल्यावर हा दिवा लागतोच, गाडी थोडी पळाल्यावर विझतो. चाकं फिरल्याशिवाय सेन्सरची खात्री कशी पटणार? उभ्या गाडीवर तो बघून घाबरलेले तिघे इथेच बसलेत.

टर्मिनल घासलं, आवळलं, बॅटरी रात्रभर हळू चार्ज केली. 8 अँपिअर-अवरची बॅटरी (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप), 0.8 अँपिअरने. सकाळी 12.7. पातलीपाड्याच्या पुलाआधीच एबीएसचा दिवा गेला. इंजिनचा चार दिवस राहिला, मग आपोआप विझला. इसीयू झालेली चूक काही फेऱ्या लक्षात ठेवतो. 22 हजार वाचले.

आणि बॅटरी प्यायलं कोण? चिरंजीवांनी बसवलेला जीपीएस ट्रॅकर. मोजला, 20 मिलिअँपिअर. 24 तास, 21 दिवस, झाले 10 अँपिअर-अवर. बॅटरी 8 ची! चोर पकडायला ठेवलेला गुरखाच तिजोरी खाऊन बसला.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मूळ विषय भरभर.

गाडी बंद असताना बॅटरी 12.4 व्होल्टच्या खाली, तर चार्ज करा. स्टार्टर दाबताना साडेनऊच्या खाली घसरली, तर बॅटरी म्हातारी. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा हवं. तेराच्या खाली राहिलं तर स्टेटर (वीज बनवणारा), रेक्टिफायर (ती बॅटरीजोगी करणारा) किंवा वायरिंग बघा. पंधराच्या वर गेलं तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय, तो बॅटरी उकळवतो. बॅटरी काढताना मायनस आधी, बसवताना प्लस आधी. इंजिन चालू असताना बॅटरी कधीच काढू नका. एवढं सगळं नीट असून दिवा राहिलाच, तर स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचायला सांगा, आणि पार्टचं नाव त्यानंतर. ऑइलच्या लाल दिव्याला यातलं काही लागू नाही, तिथे इंजिन ताबडतोब बंद.

हो हो, ताट आलं. मीटर कुठे मिळतो? स्टेशनजवळ इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, साधा पाचशेच्या आत. चकती डीसी 20 वर, लाल प्लसला, काळी मायनसला. उद्या सकाळी आठला मी माझा घेऊन पार्किंगमध्ये बसतो. पावसाळाभर ज्यांच्या गाड्या हलल्या नाहीत त्यांनी किल्ल्या घेऊन खाली या.