पासपोर्ट अगदी नीट ठेवलाय!

नमस्कार श्रोतेहो.

परदेशातल्या ग्रुप टूरवर एखादा प्रवासी सकाळी सकाळी जवळ येतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "जरा बाजूला येता का?" तेव्हा टूर मॅनेजरच्या डोक्यात दोनच शक्यता येतात. पोट बिघडलंय, नाहीतर पासपोर्ट सापडत नाहीये. पोटाची गोळी माझ्या पर्समध्ये कायम असते. आज बोलायचंय ते पासपोर्टबद्दल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. पुढेही सांगणार आहे, कारण रेडिओवर पान मागे उलटता येत नाही. पासपोर्ट सापडत नसेल तर आधी शोधायचा, आणि शांतपणे शोधायचा. हरवला म्हणून एकदा कागदोपत्री नोंद झाली की तिथून परतीची वाट नाही. आधी शोध, मग पोलीस, मग वकिलात. हा क्रम सोडायचा नाही.

का, ते अण्णांच्या गोष्टीतून कळेल.

आमच्या एका इटलीच्या टूरवर अण्णा होते. हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी अण्णा असतातच, तेव्हा तेच ठेवू. आयुष्य हिशेबखात्यात गेलेलं. प्रत्येक वस्तू पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वरून रबरबँड. अशा माणसाचा पासपोर्ट कसा हरवेल, असं तुम्हाला वाटेल. मला विचाराल तर अशांचाच हरवतो. वेंधळा माणूस पासपोर्ट रोज एकाच खिशात कोंबतो, त्याला दुसरी जागाच सुचत नाही. काळजीवाहू माणूस मात्र रोज रात्री विचार करतो, याहून सुरक्षित जागा कुठली? आणि सकाळी ती जागा त्यालाच आठवत नाही.

तर फ्लॉरेन्सची सकाळ. बॅगा कोचच्या पोटात गेलेल्या, चाळीसेक मंडळी आपापल्या सीटवर, आम्ही व्हेनिसला निघणार. अण्णा आले. "जरा बाजूला येता का?" त्यांचा चेहरा बघून मला कळलं, हे पोटाचं नाही. मी विचारलं, "पासपोर्ट?" तर म्हणाले, "नाही नाही, तो मी अगदी नीट ठेवलाय. फक्त कुठे ठेवलाय ते बघतोय."

अशा वेळी कुठे ठेवला होता असं मी कधीच विचारत नाही. शेवटचा हातात कधी होता, ते विचारते. कुठे ठेवला होता म्हटलं की माणूस अंदाज सांगतो. हातात कधी होता म्हटलं की आठवण सांगतो. अण्णांना आठवलं, या हॉटेलात आलो त्या संध्याकाळी. इटलीत हॉटेलवाल्यांना प्रत्येक पाहुण्याची माहिती 24 तासांच्या आत पोलिसांना कळवावी लागते, म्हणून रिसेप्शनवर पासपोर्ट मागून घेतात. मग पहिल्यांदा तिथेच गेलो. ड्रॉवर पाहिला. फोटोकॉपी मशीनचं झाकण उचलून पाहिलं. हसू नका, काचेवर राहिलेले पासपोर्ट मी स्वतः उचललेले आहेत. मग खोली. तिजोरी, उशांचे अभ्रे, गादी आणि पलंगाच्या पाठीमधली फट, कपाटाचा वरचा खण.

मग कोचमध्ये चढून सगळ्यांना सांगितलं, आपापला पासपोर्ट बाहेर काढा आणि उघडून फोटो बघा. नुसतं कव्हर बघू नका, फोटो बघा! कारण बऱ्याच टूर कंपन्या हौसेने सगळ्यांना एकाच रंगाची, एकाच छापाची कव्हरं वाटतात. चाळीस पासपोर्ट, चाळीस सारखी कव्हरं, आणि रिसेप्शनवरून परत घेताना गठ्ठ्यातून उचलायचं! हे कव्हर वाटणं बंद करा म्हणून मी कितीदा सांगितलंय. त्यापेक्षा प्रत्येकाला एक चांगली टॉर्च द्या, रात्री बाथरूमचं बटण तरी सापडेल. असो.

कुणाकडेच नव्हता. मग अण्णांच्या बॅगा खाली उतरवल्या, फुटपाथवर उघडल्या. पिशवीतून पिशवी निघतेय, त्यातून आणखी एक निघतेय. कोचच्या खिडक्यांतून सल्ले सुरू. "अण्णा, कोटाचा आतला खिसा बघा." "अण्णा, बुटात बघा." काकू, म्हणजे अण्णांच्या सौ., अगदी शांत उभ्या. त्या एवढंच म्हणाल्या, "परवा रात्री बारापर्यंत जागा बदलत होते."

एवढ्यात ड्रायव्हर घड्याळ दाखवायला लागला. त्याला उगाच दोष देऊ नका. युरोपात कोचच्या ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं थांबावंच लागतं, आणि दिवसाच्या कामालाही मर्यादा असते, रात्रीची विश्रांती पुरी व्हावी म्हणून. गाडी उभी असली तरी त्याचा दिवस संपतच असतो. एकासाठी सगळे अडकले, की संध्याकाळी सगळ्यांचाच खोळंबा.

म्हणून मी शोधाला अर्धा तास देते. अर्ध्या तासात मनापासून शोधलेली वस्तू सापडली नाही, तर पुढच्या दोन तासांत नुसती चिडचिड होते. ग्रुप पुढे पाठवला. ग्रुपमधल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या हातात यादी दिली. त्यांनी अशी हजेरी घेतली की माझ्याही वेळी लोक इतके शिस्तीत बसत नाहीत. व्हेनिसला ट्रॉन्केटोच्या धक्क्यावर स्थानिक गाइड उभा राहणार होताच. आणि मी, अण्णा आणि काकू पोलिसांकडे.

आता गंमत ऐका. पोलिसांनी विचारलं, हरवला की चोरीला गेला? दोन्हींची नोंद वेगळी होते. मी म्हणायला लागले, हरवला. अण्णांनी माझा हात दाबला. "चोरी सांगा." मी म्हटलं, "अण्णा, कुणाला चोरताना पाहिलंत?" "नाही." "खिसा कापलाय? पर्स उघडी सापडली?" "नाही." "मग?" तर अण्णा हळूच म्हणतात, "अहो, घरी सांगायला चोरी बरी. मुलगा म्हणेल, बाबांनी हरवला."

श्रोतेहो, हा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो. हरवणं म्हणजे आपला वेंधळेपणा, चोरी म्हणजे दुसऱ्याचा गुन्हा. पण न घडलेली चोरी पोलिसांना सांगणं हाच गुन्हा आहे, कुठल्याही देशात. मी हरवला असंच लिहून घेतलं. अण्णा पुढचा तासभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्या कागदाच्या प्रती काढल्या. फ्लॉरेन्सहून वेगवान रेल्वेने मिलान साधारण दोन तासांवर, आणि मिलानला भारताचं कॉन्सुलेट, म्हणजे वकिलातीचंच शाखा-कार्यालय, आहे. आमचं परतीचं विमानही मिलानहूनच होतं, हे नशीब. दोघांना गाडीत बसवलं, तिकडे उतरवून घ्यायला आमच्या ऑफिसने माणूस उभा केला, आणि मी व्हेनिसची गाडी पकडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्रुप मिलानला पोचला तेव्हा अण्णांच्या हातात इमर्जन्सी सर्टिफिकेट, म्हणजे पासपोर्टऐवजी भारतात परतण्यापुरता मिळणारा कागद, होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दर वेळी इतक्या लवकर मिळतंच असं नाही हं. मध्ये शनिवार-रविवार आला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

रात्री साडेदहाला माझ्या दारावर थाप. अण्णा! आनंदाने लाल झालेले, हातात पासपोर्ट! झालं होतं असं, की दोन दिवसांच्या गडबडीत अण्णांनी बीपी मोजलंच नव्हतं. काकू म्हणाल्या, आता सगळं मार्गी लागलं, बसा, बीपी बघू. मशीनचा दंडाला बांधायचा पट्टा उलगडला, आणि त्याच्या घडीतून पासपोर्ट खाली पडला. अगदी नीट ठेवलेला.

अण्णा म्हणाले, "आता तो कागद कशाला? उद्या हाच दाखवतो."

आणि इथे मला त्यांच्या आनंदावर पाणी ओतावं लागलं. मी म्हटलं, "अण्णा, हा पासपोर्ट आता चालणार नाही." कारण आता सांगते, नीट ऐका. पासपोर्ट हरवल्याचं तुम्ही कळवलंत, की तुमचं सरकार त्याचा नंबर रद्द करतं. इंटरपोलकडे हरवलेल्या आणि चोरलेल्या प्रवासकागदांची यादी आहे. अमेरिकेवरच्या 2001च्या हल्ल्यानंतर, 2002मध्ये ती सुरू झाली. ज्या देशाने पासपोर्ट दिला तोच देश त्या यादीत नंबर टाकतो, आणि मग जगभरातल्या विमानतळांवरून तो तपासता येतो. तुमचाच फोटो, तुमचीच सही, तरी यादीत लागलेला पासपोर्ट पुढे केलात तर बाजूच्या खोलीत बसावं लागेल, आणि विमान थांबणार नाही. पुन्हा सांगते. हरवल्याची नोंद झाल्यावर सापडलेला पासपोर्ट वापरायचा नाही. सापडला म्हणून वकिलातीला कळवायचं, आणि ते सांगतील तसं तो परत करायचा.

अण्णांनी मान डोलावली. पटलं असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी विमानतळावर रांगेत बघते तर अण्णांच्या शर्टाच्या खिशातून निळं टोक वर आलेलं! त्यांचा बेत असा, की आधी खरा पासपोर्ट दाखवून बघू, नाहीच चालला तर कागद आहेच. मी हात पुढे केला, अण्णा दोन पावलं मागे. शेवटी काकूंनीच पुढे होऊन खिशातून तो काढला, स्वतःच्या पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. अण्णा कागदावर घरी आले.

बघा, वेळ बराच गेला. राहिलेलं भराभर सांगते.

इमर्जन्सी सर्टिफिकेट म्हणजे नवा पासपोर्ट नव्हे. भारतीय नागरिकाला ते फक्त भारतात परतण्यासाठी मिळतं, एकदाच. त्यावर पुढचे देश फिरता येत नाहीत. व्हिसाही पासपोर्टबरोबरच गेलेला असतो. म्हणून टूरच्या तिसऱ्या दिवशी पासपोर्ट गेला, तर त्या प्रवाशाची टूर बहुतेक तिथेच संपते, आणि हे त्याला गोड शब्दांत पण त्याच दिवशी सांगावं. उद्या बघू, परवा बघू करत झुलवत ठेवू नये. विमान मध्ये कुठे बदलायचं असेल, तर तिथे हा कागद चालतो का, ते एअरलाइनला आधी विचारायचं. काउंटरवर पोचून नाही, आधी.

वकिलातीत जाताना काय न्यायचं? पोलिसांचा कागद, पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत, व्हिसाच्या पानाची प्रत, परतीचं तिकीट आणि फोटो. फोटो घरूनच न्या, कारण प्रत्येक देशाची मापं वेगळी असतात आणि रेल्वे स्टेशनवरच्या यंत्रातून भलत्याच मापाचे निघतात. पासपोर्टची प्रत जवळ नसेल तर आधीच्या हॉटेलला फोन करा, त्यांच्याकडे नोंद असते. आणि आपल्या नागरिकाला परदेशात प्रवासाचे कागद देणं हे कॉन्सुलेटचं कामच आहे. 1963च्या व्हिएन्ना करारात तसं लिहिलेलं आहे. तिथे उपकार मागायला आल्यासारखं उभं राहू नका. कागद पुरे ठेवा, आणि आवाज खाली ठेवा.

प्रती कुठे ठेवायच्या? एक कागदावर, पासपोर्टपासून वेगळ्या बॅगेत. एक ईमेलमध्ये. नुसती फोनमध्ये नको, कारण फोन आणि पासपोर्ट आपण एकाच पाऊचमध्ये घालतो आणि पाऊच गेलं की दोन्ही जातं. आणि कृपा करून पासपोर्टचा फोटो टूरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकू नका. तुमची जन्मतारीख आणि सही त्या गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये कशाला हवी?

माझ्याच व्यवसायातल्या मंडळींना एक सांगते. सगळ्यांचे पासपोर्ट स्वतःच्या बॅगेत गोळा करून फिरणारे टूर मॅनेजर मी पाहिलेत. लोकांना ते फार जबाबदार वाटतात. मला भीती वाटते. एक बॅग गेली की अख्खा ग्रुप वकिलातीच्या दारात. हॉटेलात लागेल तेवढ्यापुरते घ्या, मोजून घ्या, आणि नाव वाचून ज्याच्या त्याच्या हातात परत द्या.

राहता राहिला विमा. बऱ्याच प्रवास विम्यांत पासपोर्ट हरवल्याच्या खर्चाची तरतूद असते, पण पोलिसांचा कागद आणि प्रत्येक पावती लागते. म्हणून पावत्या टाकू नका, रेल्वेच्या तिकिटासकट सगळ्या ठेवा.

अण्णांनी ठेवल्या होत्या. पिशवीत, अर्थातच. परत आल्यावर त्यांचा मला फोन आला, "विम्याच्या अर्जात विचारलंय, पासपोर्ट कसा गेला. इथे तरी चोरी लिहू का?" मी म्हटलं, "अण्णा, पोलिसांच्या कागदावर आहे तेच लिहा. आणि सापडला, हेही लिहा." मागून काकूंचा आवाज आला, "कुठे सापडला तेही लिहा म्हणावं!"

नमस्कार.