मंगळावरची म्हणून नाव पडलेली मुंगी

श्रोतेहो, नमस्कार. काळी मुंगी, लाल मुंगी, मुंगळा, इतक्या नावांवर आपलं रोजचं काम भागतं. आज जिच्याविषयी बोलणार आहे ती मुंगी मात्र कुठल्याच नावात बसेना.

ब्राझीलमध्ये मानाउस शहराजवळ अ‍ॅमेझॉनचं सदाहरित जंगल आहे. 1998 साली मानफ्रेड फरहाग या संशोधकाला तिथल्या मातीच्या नमुन्यांत दोन विचित्र मुंग्या मिळाल्या. पण अभ्यास होण्याआधीच त्या हातच्या गेल्या. मुंगी ती केवढी! दोन-तीन मिलिमीटरची. पुन्हा शोधायची कुठे?

पुढे पाच वर्षं गेली. 2003 चा मे महिना, दिवस कलला होता. ख्रिस्तियान राबेलिंग या संशोधकाला तिथल्याच पालापाचोळ्यावरून चालणारी एक मुंगी दिसली. तीच! फिकट रंगाची, डोळे अजिबात नसलेली, आणि तोंडाशी चिमट्यासारखे लांबच लांब, सडपातळ जबडे. सापडली ती एकटी, एक कामकरी मुंगी.

त्या एकुलत्या नमुन्यावर सगळी ओळख ठरवायची होती. जबडे, मिशा, कंबर, एकेक अवयव माहीत असलेल्या मुंग्यांशी ताडून पाहिला. लक्षणांचा असा मेळ कुठेच नव्हता. मग तिच्या पुढच्या एका पायातून डीएनए काढला. मला या कामातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. बाकीचं शरीर जपून ठेवलं, म्हणजे उद्या कुणाला शंका आली तर मूळ नमुना समोर ठेवून पडताळता येईल. आधीच्या दोन मुंग्यांच्या बाबतीत नेमकी हीच सोय राहिली नव्हती.

2008 साली वर्णन प्रसिद्ध झालं. नाव ठेवलं मार्शियालिस ह्युरेका. मार्शियालिस म्हणजे मंगळाची, कारण पृथ्वीवरच्या कुठल्याच मुंगीशी तिचा मेळ बसत नव्हता. आणि ह्युरेका म्हणजे ‘सापडली!’ एकदा हरवून पुन्हा मिळाल्याचा आनंद त्या नावातच आहे. तिच्यासाठी स्वतंत्र उपकुल, म्हणजे मुंग्यांच्या कुळातला एक वेगळा मोठा गट, करावं लागलं. जिवंत मुंग्यांमध्ये नवं उपकुल सापडण्याची ही 1923 नंतरची पहिलीच वेळ.

मुंग्यांच्या वंशवृक्षात तिची फांदी अगदी बुंध्याजवळ फुटते. म्हणून पहिलीवहिली मुंगीच आंधळी होती, असं मात्र समजू नका. संशोधकांचं म्हणणं असं, की ही शाखा फार पूर्वीच जमिनीखाली गेली आणि तिथल्या अंधारात तिला डोळ्यांची गरज उरली नाही. ते नाजूक जबडेही, त्यांच्या अंदाजाने, मातीच्या फटींतून मऊ अंगाची शिकार ओढून काढायला घडलेले आहेत.