हॅरी लॉडर: कोळशाच्या खाणीतला गायक

स्कॉटलंडमधील हॅमिल्टन येथील खाणकामगार दिवसभर जमिनीखाली कोळसा फोडत असत, आणि त्यांच्यातला एक ठेंगणा, धष्टपुष्ट मुलगा काम करता करता त्यांना गाणी ऐकवत असे. त्याचे नाव हॅरी लॉडर. म्युझिक हॉलच्या, म्हणजे गाणी आणि विनोदी कार्यक्रम होणाऱ्या लोकप्रिय रंगगृहाच्या, रंगमंचावर जाण्याचा आग्रह त्याला पहिल्यांदा केला तो याच माणसांनी.

४ ऑगस्ट १८७० रोजी एडिनबरोजवळच्या पोर्टोबेलो येथे जन्मलेला हॅरी हा सात भावंडांत थोरला. १८८२ मध्ये कुंभारकाम करणारे वडील वारले, आणि आई मुलांना घेऊन आर्ब्रोथला आली. तेथे हॅरी जवसाच्या धाग्याच्या गिरणीत अर्धवेळ काम करू लागला. उरलेला वेळ शाळा. पुढे कुटुंब हॅमिल्टनला गेले आणि त्याने सुमारे दहा वर्षे खाणीत काढली. १८९१ मध्ये त्याने अॅन व्हॅलन्सशी लग्न केले. तिला सारे नॅन्स म्हणत. त्याच वर्षी त्यांचा एकुलता एक मुलगा जॉन जन्मला.

१८९४ च्या सुमारास लॉडर पूर्णवेळ कलाकार झाले, आणि मार्च १९०० मध्ये लंडनच्या गॅटीज या म्युझिक हॉलमध्ये त्यांनी पहिल्याच रात्री प्रेक्षकांना जिंकले. १९०५ मध्ये ग्लासगोच्या थिएटर रॉयलमधील 'अलादीन' या पँटोमाइममध्ये, म्हणजे नाताळाच्या सुमारास होणाऱ्या विनोदी संगीत नाटकात, त्यांनी 'आय लव्ह अ लॅसी' हे गाणे गायले, आणि ते घरोघरी पोहोचले. किल्ट हा गुडघ्यापर्यंतचा चौकडीचा घागरा, तिरकी टोपी, हातात वाकडीतिकडी काठी आणि मनापासूनचे गडगडाटी हास्य, हे रूप घेऊन त्यांनी १९०७ पासून अमेरिकेचे अनेक दौरे केले. त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही प्रचंड खपल्या.

या रूपावर स्कॉटलंडमध्येच टीका झाली. कवी ह्यू मॅकडर्मिड यांच्यासारख्यांना किल्ट घातलेला, चिक्कूपणाचे विनोद करणारा हा स्कॉट म्हणजे देशाची विटंबना वाटे. आक्षेप खोटा नव्हता, कारण किल्ट हा हायलँड्सच्या डोंगराळ मुलखातला पोशाख, आणि हॅमिल्टनचा खाणकामगार तो घालून कामावर जात नसे. तरीही त्या पोशाखाआडचा आवाज उसना नव्हता. कष्टकऱ्यांसमोर गाताना तो घडला होता, आणि समोर बसलेल्या माणसाला गाण्यात सामील करून घेण्याची हातोटी लॉडर यांनी तिथेच कमावली होती.

पहिल्या महायुद्धात, २८ डिसेंबर १९१६ रोजी, त्यांचा मुलगा कॅप्टन जॉन लॉडर फ्रान्समध्ये पोझिएर येथे मारला गेला. नववर्षाच्या पहिल्याच दिवशी लंडनमध्ये वडिलांना ती बातमी मिळाली. त्या वेळी शाफ्ट्सबरी थिएटरमध्ये त्यांचा कार्यक्रम चालू होता, आणि त्यातले एक गाणे लढून, जिंकून घरी परतणाऱ्या मुलांविषयी होते. तीन-चार दिवसांत लॉडर पुन्हा रंगमंचावर उभे राहिले. ते गाणे त्यांनी गाळले नाही. ज्याचा मुलगा परतणार नाही अशा बापाने ते गावे, आणि समोरच्या लोकांना हसवावेही, यासाठी लागणाऱ्या बळाचा अंदाज आपण बाहेरून करू शकत नाही.

जून १९१७ मध्ये ते एक लहानसा पियानो बरोबर घेऊन फ्रान्सला गेले, आघाडीवरच्या सैनिकांपुढे गायले, आणि याच दौऱ्यात ओव्हिलेर येथील सैनिकी दफनभूमीत मुलाच्या कबरीपाशी उभे राहिले. जखमी स्कॉटिश सैनिकांना घरी परतल्यावर पुन्हा पायांवर उभे राहता यावे म्हणून त्यांनी दहा लाख पौंडांचे लक्ष्य ठेवून निधी उभारला. १९१९ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. 'कीप राइट ऑन टू दी एंड ऑफ द रोड' हे त्यांचे गाणे याच दुःखातून आले, आणि त्यात विनोदाचा लवलेशही नाही.

१९२७ मध्ये नॅन्स गेल्या. १९३५ च्या सुमारास लॉडर निवृत्त झाले, मात्र दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी ते पुन्हा गायले. २६ फेब्रुवारी १९५० रोजी स्ट्रॅथेव्हन येथील घरी त्यांचे निधन झाले. मुलाची कबर फ्रान्समध्ये आहे. नॅन्स यांना स्कॉटलंडमधील ग्लेनब्रँटर येथे, मुलाच्या स्मारकापाशी पुरले आहे. आणि लॉडर यांची कबर आहे हॅमिल्टनमध्ये, जिथे ते लहानपणी खाणीत उतरले होते.