रोवळीतून पडणारा उजेड

(दृश्य: सकाळ, ठाण्याचा जांभळी नाका. बाजार नुकताच भरतोय.)

ही रोवळी. तांदूळ धुवायची. बांबूच्या कामट्यांची वीण अशी, की पाणी निथळावं आणि दाणा आत राहावा. मी घरांची अंतर्गत सजावट करते, आणि नव्या घराचं काम हातात आलं की आधी या बाजारात एक फेरी मारते. वस्तू विकत घ्यायला नव्हे. ती तशी का घडली, हे बघायला.

(दृश्य: नौपाड्यातलं घर. छताला उलटी टांगलेली रोवळी, आत दिवा.)

जी वीण पाणी गाळते, ती उजेडही गाळते. भिंतीवर कामट्यांची सावली पसरते, डोळ्यांवर झोत येत नाही. आत एलईडीच हवा. जुना पिवळा बल्ब इतका तापायचा, की बांबू करपला असता.

रंगांवर घरोघरी वाद होतात. मग मी म्हणते, कपाटातली आवडती साडी काढा. या घरात इरकल निघाली. अंग गडद निळं, काठ तांबडे, पदर लाल आणि त्यात पांढरी नक्षी. अंगाचा रंग मोठ्या पृष्ठभागांना, काठाचा चौकटींना आणि पडद्यांच्या कडेला. पदर मात्र एकाच जागी! चार भिंतींना चार पदर दिले, की डोळा दमतो. इथे निळा सोफ्याला गेला आणि पदर देव्हाऱ्यामागच्या भिंतीला.

(दृश्य: बेलापूर, आर्टिस्ट व्हिलेज.)

चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात ही वसाहत आखली. सात-सात घरं, मध्ये ८ मीटर बाय ८ मीटरचं अंगण. पापड वाळवायचं, गप्पा मारायचं, मुलांवर नजर ठेवायचं आपलं नेहमीचं अंगण. सवय ओळखायची आणि तिला नेमकं माप द्यायचं, हे मी इथे शिकले. अजूनही अडले की येऊन बसते.

(दृश्य: घोडबंदर रोड, उंच इमारतीतलं घर.)

या घरातल्या काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मला आमच्या पेणच्या घरासारखा कोनाडा हवा."

पेणच्या घराची भिंत मातीची, दीड फूट जाड. तिथे कोनाडा भिंतीच्या पोटात मावतो. इथल्या भिंती सळया घालून ओतलेल्या काँक्रीटच्या, त्यांच्यावरच इमारतीचा भार. छिन्नी लावायचीच नाही. काकूंचा चेहरा उतरला.

मी विचारलं, "काकू, काय ठेवायचात हो तिथे?"

"दिवा. काडेपेटी. मामंजींची औषधाची बाटली."

म्हणजे हवं होतं ते एवढंच: उभ्या उभ्या हात पोचेल, जाता-येता दिसेल आणि वाटेत येणार नाही असं काहीतरी. दाराची चौकट आणि चपलांचं कपाट यांच्यामध्ये नऊ इंच खोल जागा रिकामी पडली होती. तिथे प्लायवूडचा खण बसवला, वर कमान काढली, आतून चुन्यासारखा पांढरा रंग दिला.

परवा, सहा महिन्यांनी गेले. कोनाड्यात दिवा होता, काडेपेटी होती. शेजारी काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा आणि घडी घातलेलं लाईट बिल.