स्नेंटनच्या टेकडीवरचे दळण

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहराच्या पूर्वेस, स्नेंटनच्या टेकडीवर उभी असलेली ही विटांची पवनचक्की १८०७ साली एका बेकरीवाल्याने बांधली. त्याचा मुलगा जॉर्ज ग्रीन जेमतेम दीड वर्ष शाळेत गेला होता. मात्र चक्कीचे काम सांभाळता सांभाळता त्याने गणित आत्मसात केले आणि १८२८ मध्ये विद्युत व चुंबकत्वाच्या गणिती सिद्धांतावर निबंध प्रसिद्ध केला. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाणारे ‘ग्रीनचे प्रमेय’ ते याच ग्रीनचे.

पुढे चक्की बंद पडली आणि १९४७ च्या आगीनंतर केवळ हा मनोरा उरला. त्यावर एखादा फलक लावूनही स्मारक झाले असते. परंतु विद्यापीठातील वैज्ञानिकांनी ग्रीनच्या स्मरणार्थ निधी उभारला, १९७९ मध्ये नगर परिषदेने वास्तू ताब्यात घेतली आणि चक्की पुन्हा दळती करायची असे ठरले. हा निर्णय आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण चक्की बांधणाऱ्यांचे कसब ती फिरत असतानाच दिसते.

मनोऱ्यावरची ही पांढरी टोपी पाहा. तिच्या मागे लहान पंख्याचे एक चाक आहे. वारा बाजूने येऊ लागला की ते आपोआप फिरू लागते आणि दातेरी चाकांच्या साहाय्याने संपूर्ण टोपी, चारही मोठ्या पात्यांसह, वाऱ्यासमोर आणून ठेवते. पात्यांवर खिडकीसारख्या झडपा आहेत. वारा अनावर झाला की त्या उघडतात व जोर आरपार निघून जातो. पात्यांचे फिरणे आसावरील मोठ्या चाकातून उभ्या खांबाला आणि तेथून खालच्या मजल्यावरील जात्यांना मिळते.

हे जाते आपल्या घरच्या जात्याचेच थोरले भावंड. तळीचा दगड स्थिर, वरचा फिरता, आणि दोहोंमध्ये केसभर अंतर. दगडांवरच्या खाचा बोथट झाल्या की वरचा दगड उचलून उलटा करावा लागतो आणि दोन्ही दगडांना टाकी लावावी लागते. पाथरवटाचे हे काम घाईने होत नाही. आता ऐकू येणारा खडखडाट धान्याच्या पन्हळीचा आहे. जाते जितक्या वेगाने फिरेल, तितकी ती हलते आणि तितकेच धान्य आत सोडते.

१९८६ पासून येथे पुन्हा दळण होते, पीठ विकले जाते आणि शेजारच्या विज्ञान केंद्रात मुले येतात.

खालच्या मजल्यावर नळीतून पीठ पडते आहे. दळणारा ते अंगठा आणि तर्जनीत चोळून पाहतो. भरड लागले, म्हणून वरचा दगड किंचित खाली घेतो आणि पुन्हा नळीखाली हात धरतो.